डोळ्यांचं काम

संगणक सुरू झाला, पण पडद्यावर कालपर्यंतचं काहीच नव्हतं. निळा डोंगर, निळं तळं आणि कोपऱ्यात कचऱ्याची बादली. फोटोंचे सगळे फोल्डर गायब.

हेमावतीनं बंद करून पुन्हा सुरू केला. तेच. आदल्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं नवं विंडोज टाकलं होतं आणि फायली जिथल्या तिथं राहतील असं सांगून तो गेला होता. आता फोन उचलत नव्हता.

स्टुडिओच्या बाकावर श्रीदेवी बसली होती. ती अक्कलकोटकडच्या एका वस्तीवरून सकाळच्या एसटीनं वडिलांचा फोटो न्यायला सोलापुरात आली होती.

तिच्या वडिलांनी, सिद्धाप्पांनी, उभ्या जन्मात हौसेनं फोटो काढू दिला नव्हता. आधार कार्डावर होता तेवढाच, आणि त्यात चेहरा म्हणजे नुसता काळा डाग. मागच्या आठवड्यात भरदुपारी ते शेतातल्या बाजेवर निपचित सापडले. अंग गार पडलं होतं. दिवस मावळायच्या आत माती द्यायची म्हणून घाई झाली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला. हेमावतीच्या नवऱ्याला, चनबसप्पाला, फोटोसाठी बोलावून घेतलं. भावकी खुर्चीमागं उभी राहिली. श्रीदेवी पायाशी मान खाली घालून बसली. फोटो झाले, आणि शेतातच, तसंच बसवून, समाधी दिली. थोरला मुलगा शिवयोगी पुण्याहून पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

चनबसप्पा असे फोटो नेहमी काढायचा. काढताना मयताच्या तोंडाकडं मात्र बघायचा नाही. जिवंत माणसं नीट आली की झालं. पुढं स्टुडिओत मुलाचे नाहीतर भावाचे डोळे घेऊन त्या मिटल्या डोळ्यांच्या जागी बसवायचा. बाकीचं सगळं हेमावती करायची, पण डोळ्यांचं काम त्याचं. शिवयोगीचे डोळे बापाच्या वळणाचे. तो स्वतःचा फोटो पाठवणार, असं ठरलं होतं.

कॅमेऱ्यात तरी असतील की, असं श्रीदेवीनं विचारलं. हेमावतीनं खाली बघत सांगितलं, की कार्ड पुसून त्याच्यावर एका लग्नाचे फोटो काढून झाले.

श्रीदेवी म्हणाली, "अक्का, अप्पांचं तोंड आत्तापासनंच पुसट व्हायला लागलंय. डोळं मिटून आठवलं तरी नीट येत न्हाय. फोटो न्हाय मिळाला तर मी त्यास्नी इसरून जाईन."

हेमावतीनं कॉम्प्युटर क्लासच्या मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, घाबरू नका. नवं विंडोज आलं की ते जुन्याचं सामान एका फोल्डरात बांधून ठेवतं. पण काही दिवसांनी तो फोल्डर आपोआप पुसला जातो, आजच सगळं काढून घ्या.

"नवी सून आली आन सासूची भांडी माळ्यावर गेली," हेमावती म्हणाली. श्रीदेवी हसली नाही.

मॅडम सांगत गेल्या तशी हेमावती फोल्डरात फोल्डर उघडत आत गेली. जुन्या खात्याचं नाव दिसलं. त्यात जुना डेस्कटॉप. त्यात लग्नं, बारशी, आणि तळाला सिद्धाप्पा.

पहिला फोटो उघडला. विभूती, हार, मिटलेले डोळे. श्रीदेवीनं तोंड फिरवलं. हेमावतीनं लगबगीनं पुढचा लावला.

"आता बघ," ती म्हणाली.

श्रीदेवीनं बघितलं आणि ती बाकावरून उठून पडद्याजवळ आली. डोळे उघडे होते. जरा ओलसर, जरा दमलेले, थेट समोर बघणारे.

"असंच बघायचे अप्पा," ती म्हणाली. "शेतातनं आल्यावर पाणी मागायच्या आधी."

तिनं मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला. मोठी फ्रेम करायला सांगितली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर थोडं समाधान आलं. शिवयोगीला फोन करायला ती पायरीवर गेली. "दादा, पाठवलाय बघ. तुझं डोळं लई शोभलेत अप्पांला," असं ती सांगत असतानाच चनबसप्पा तिच्या बाजूनं आत आला.

हेमावतीनं त्याला सगळा घोळ सांगितला. मग म्हणाली, "डोळे मात्र झकास जमलेत तुम्हाला. शिवयोगीचा फोटो कधी आला, बोलला न्हाईत."

"फोटो कुटं आलाय अजून," चनबसप्पा म्हणाला. "मी ते काम हातातच घेतलं न्हाय."

त्याची थट्टा चाललीय असं तिला वाटलं. त्यानं पडद्याकडं बघितलं आणि तो हळूच खुर्चीत बसला. बाहेर श्रीदेवीचा आवाज थांबला होता. त्यानं माऊस हातात घेतला आणि पुढचा फोटो उघडला.

मागची सगळी भावकी तशीच कॅमेऱ्याकडं बघत उभी होती. सिद्धाप्पांची मान मात्र किंचित खाली वळली होती, आणि ते पायाशी रडत बसलेल्या श्रीदेवीकडं बघत होते.