एका अंगाला

आमच्या धाकट्या दिरांना, भिमाजींना, आपल्या घरातलं सोडून दुसऱ्याच्या उंबऱ्यातलं फार दिसतं. पौषातली थंडी होती. माझा नवनाथ आन् त्याचे तीन दोस्त, आपापल्या बायकांना मागं घेऊन, मोटारसायकलींवर दौंडहून पार हैदराबादला निघाले होते. वारं लागू नये म्हणून सगळ्यांनी स्वेटरच्या आत छातीला पेपर लावलेले. माझी सून राजश्री पंजाबी ड्रेस घालून नवऱ्यामागं दोन्हीकडं पाय टाकून बसली, तेवढ्यात भावजी मफलर सावरत गाडीला आडवे आले.

"सूनबाई, बाप्या माणसासारखं बसायचं न्हाई. एका अंगाला बसा, न्हाईतर उतरा खाली. घरची अब्रू हाय."

नवनाथनं मान खाली घातली. चुलत्यापुढं त्याचं तोंड कवाच उघडत न्हाई. राजश्री बिचारी पाय उचलायला लागली. मी काठी टेकत, लंगडत ओट्यावरून उतरले आन् तिचा गुडघा हातानं दाबून धरला.

"बस तशीच," तिला म्हणाले, मग दिराकडं वळले.

"भावजी, माझं लगीन झालं त्या साली तुमच्या आईनं मलाबी फटफटीवर असंच एका अंगाला बसवलं व्हतं. कासुर्डीच्या वळणावर मी पडले. अब्रू जाग्यावर राहिली आन् खुबा मोडला. आता माझ्या सुनेचा खुबा जाग्यावर राहू द्या. अब्रूचं मी बघते."