पायरीवरचा फोटो

कॅमेरा चालू झाला आणि त्यानं आधी तारीख विचारली. बॅटरी कधीची रिकामी पडलेली, त्यामुळे दिवस-महिना सगळंच पुसलं गेलं होतं. देवीदासांनी चष्मा पुसला आणि बारीक बटणं दाबत आजची तारीख भरली.

"बाबा, काहून त्रास करून घेऊन राहिले? मोबाईलवर काढा ना," पायरीवर बसलेली एकता म्हणाली.

"मोबाईलमध्ये तोंड चपटं येते."

हे वाक्य अश्वजीतचं होतं. कॅमेराही त्याचाच. नवशिक्यानं घ्यावा तसला, आत आरसा नसलेला, गळ्यात घातला तरी भार न वाटणारा. सुट्टीच्या दिवशी तो घेऊन मदन महालच्या टेकडीवर भटकायचा. घरात असला की समोर येईल त्याचे फोटो: भाजी निवडणारी लता, कुंपणावरची मांजर, कपडे वाळत घालणारी एकता. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि देवीदास-लताचा तो एकुलता एक मुलगा गेला. कॅमेरा त्याच्या शर्टांखाली कपाटात राहिला.

त्याला आता दोन वर्षं झाली. रांझी वस्तीतल्या या घरात तिघंच उरली. देवीदास फॅक्टरीतून निवृत्त झालेले. एकता शाळेत शिकवायची, संध्याकाळी येऊन लताच्या गुडघ्यांना तेल चोळायची, देवीदासांची रक्तदाबाची गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि ते गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

बुद्धविहारातल्या बेबीताईंनी एकदा देवीदासांना बाजूला घेतलं. पोरीचं सगळं आयुष्य पडलंय, तिला अशी किती दिवस घरात बसवणार, असं त्या म्हणाल्या. नागपूरकडचं एक स्थळ होतं. मुलगा रेल्वेत, समजूतदार. फोटो तेवढा हवा होता.

घरी हे कळल्यावर लता ताटावरून उठली.

"एक गेला. आता हिलाही तुम्हीच घालवून राहिले."

"आपल्यासाठी ठेवून घ्यायची काय तिला?" देवीदास म्हणाले.

त्या दिवसापासून लता त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

एकताही तयार नव्हती. मी गेल्यावर तुमचं कोण पाहील, हे एकच तिचं म्हणणं. देवीदासांनी वाद घातला नाही. आम्ही आहोत तोवर ठीक, पण आमच्यानंतर या घरात तू कोणाची वाट पाहशील, एवढंच त्यांनी विचारलं. ती बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करत उभी राहिली. मग 'बघू' म्हणाली.

म्हणून आज हा फोटो.

देवीदासांचं बोट चुकीच्या बटणावर पडलं आणि पडद्यावर जुने फोटो आले. पिठाच्या हातांनी तोंड लपवणारी एकता. नावेत बसून पाण्यात हात बुडवणारी एकता, मागचा घाट धूसर, ती मात्र लख्ख, मनमोकळी हसणारी. त्यांना वाटलं होतं तितके मांजरीचे फोटो नव्हतेच.

बेबीताई म्हणाल्या होत्या की नवा कशाला काढता, जुन्यातलाच एखादा छान पाठवा. देवीदासांनी तेव्हा नाही म्हटलं होतं. ते अश्वजीतनं काढलेत, ते द्यायचे नाहीत.

त्यांनी पुन्हा कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. पडद्यावरची हिरवी चौकट एकताचा चेहरा शोधायची, तिनं मान खाली घातली की हरवायची. पाच-सहा फोटो वाया गेले. सगळ्यांत ती ओळखपत्रासाठी बसल्यासारखी दिसत होती.

"रहने दो ना, बाबा," एकता म्हणाली.

तेवढ्यात लता बाहेर आली. हातात फणी होती. देवीदासांकडे न पाहता ती एकताच्या मागे वरच्या पायरीवर बसली, तिची वेणी सोडली आणि केस विंचरू लागली.

"असे केस घेऊन जाशील काय लोकांसमोर?" लता अखेर म्हणाली.

एकतानं मान वळवून वर पाहिलं. तिचे डोळे डबडबले होते. देवीदासांनी बटण दाबलं.

तोच फोटो गेला. त्यासोबत बेबीताईंनी मोजकंच कळवलं. बाकीचं समोरासमोर बोला म्हणाल्या.

पाहुणे दिवाळीनंतर आले. मुलगा सुशांत कमी बोलणारा होता. पण एकता पाणी घेऊन आली तेव्हा त्यानं उठून तिच्या हातातला ट्रे घेतला, हे देवीदासांच्या नजरेतून सुटलं नाही. दोघं अंगणात जाऊन बोलून आली. परतताना एकताचा चेहरा शांत होता.

सुशांतच्या मामांनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"आम्हाला पसंत आहे, भाऊसाहेब," ते म्हणाले. "तिच्यावर काय गुदरलं ते ठाऊक आहे, त्याचं आम्हाला काही नाही. फक्त एक विचारून ठेवतो. तिच्या सासरचे लोक उद्या मधे काही आडकाठी तर नाही करणार?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"नाही करणार जी," देवीदास म्हणाले. "तिचा सासरा मीच आहे."