अरुंधतीच्या हातची भवानी

“भवानी कर गो बाय,” म्हणत सत्यवतीने वालाच्या शेंगांची ओंजळ पुढे केली.

अरुंधती मागे सरली. “आधी दुसऱ्या कुणाला द्या, आजी. मी थांबते.”

“मगाधरनं थांबलीच हायस की. काकडलीस पार. पयलं गिऱ्हाईक तू. मंग?”

पनवेलच्या आठवडी बाजारात त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की समोरच्या मुळ्यांच्या ढिगामागे जगन बसलाय हे त्याच्या खोकल्यावरून कळत होतं. कुणी ऐकत नाही असं बघून अरुंधतीने एकदाचं सांगून टाकलं. लग्न होऊन ती घरात आली आणि महिन्याच्या आत सासरे गेले. मग नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं. सासूने तिला पांढऱ्या पायाची ठरवलं. आणि खरं सांगायचं तर आता तिचं तिलाही ते पटलं होतं.

“माझ्या हातची भवानी घेतलीत तर दिवस वाया जाईल तुमचा.”

सत्यवती गव्हाण गावची. कुणी वय विचारलं तर म्हणायची, उरलेले दात मोज. तिने शेंगा सरळ अरुंधतीच्या पिशवीत ओतल्या. तिच्या हातातलं नाणं घेऊन कपाळाला लावलं आणि पाटीखाली सारलं.

“माज्या शेंगांना तुजी सासू ठाव नाय. जा, बाजार फिरून ये. परतताना माज्याकडनं जा.”

अरुंधती परतली तेव्हा पाटी रिकामी होती. म्हातारी एका जाडजूड गोणत्यावर बसली होती. जमिनीतून थंडी चढते, म्हणाली.

“बघ. तुजा हात लागला नि पाटी उडाली. आता मी निघते लवकर. आमच्या म्हाताऱ्याला बाजाराच्या दिवशी मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी लागते.”

अरुंधती रिकाम्या पाटीकडे बघतच राहिली.

पुढच्या बाजारीही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. बाजारात बातमी पसरायला वेळ तो किती लागणार? जगन हाका मारायला लागला, “ओ ताई, आमच्या मुल्यालापण हात लावा की. आमी काय घोडं मारलंय?” कोनफळं विकणारा काळूराम तर पहिलं कोनफळ तिच्यासाठी राखून ठेवायचा. अरुंधती लाजायची, नको म्हणायची. घरी गेल्यावर मात्र खिडकीपाशी उभी राहून स्वतःचा तळहात उलटसुलट करून बघायची. तिला आनंद व्हायचा आणि त्याची भीतीही वाटायची.

संक्रांत झाली. थोरली जाऊ वसुंधरा मुद्दाम घरी आली.

“राजसचं बोरन्हाण आहे. पहिली ओंजळ तूच घालायचीस. सासूबाईंचं मी बघून घेते.”

राजस वर्षाचा. अरुंधतीचा जीव होता त्याच्यावर. पण बारशापासून आजवर तिने त्याला एकदाही उचललं नव्हतं. येत्या बाजारी काय होतं ते बघायचं आणि मग ठरवायचं, असं तिने मनाशी घेतलं.

आता संक्रांतीनंतरच्या बाजारात वालाला कोण विचारतो? भोगीची भाजी खाऊन सगळे तृप्त. बाजार म्हणजे वऱ्हाड उठून गेल्यावरचा मांडव. त्यात नेमक्या त्याच दिवशी सत्यवतीने दोन पाट्या आणल्या होत्या.

अरुंधतीने शेंगा घेतल्या, बोरन्हाणाचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, “आज दोन्ही पाट्या संपल्या तर मी जाणार, आजी. नाहीतर त्या पोराच्या वाऱ्यालाही उभी राहणार नाही.”

म्हातारीने पाट्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“आज मोठी फेरी मार. यष्टी ष्टँडापत्तुर जाऊन ये.”

ती गेली. पाय नुसते चालत होते, जीव पाट्यांपाशी होता. परत आली तर दोन्ही पाट्या रिकाम्या. सत्यवती उघड्या जमिनीवर बसली होती, गोणतं घडी करून बाजूला ठेवलेलं. ‘तुजा हात लागला नि पाटी उडाली’ हे नेहमीचं वाक्य आज ती बोललीच नाही. तिने अरुंधतीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

“जा बाय,” ती अगदी हळू म्हणाली. “पोराला न्हाऊ घाल.”

अरुंधतीला बोरन्हाणापर्यंत दम निघाला नाही. ती तशीच जावेच्या दारात गेली, पिशवी उंबऱ्यावर टाकली आणि राजसला कडेवर घेतलं. त्याने तिच्या मंगळसूत्राला हात घातला. वसुंधराने पदर डोळ्यांना लावला.

गव्हाणला सत्यवती पोचली तेव्हा दिवस कलला होता. अंगणात काशीराम, तिचा म्हातारा, पोपटीसाठी मडक्यांना आतून भांबुर्ड्याचा पाला लावत बसला होता. मीठ-ओवा तयार होता. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

“आख्खी आळी पोपटी खाऊन कंटाळली गो. मला बघून लोक दारं लावतान. आज दोन पाट्या नेल्यास, म्हणून दोन मडकी काढलीत. त्या पोरीच्या पाठी गोणत्यात कितीशा शेंगा लपवल्यास? वत इथं.”

सत्यवतीने गोणतं उलटं करून झटकलं. त्यातून काहीच पडलं नाही.

“लपवाया गोणतं उघडायच्या आत गिऱ्हाइकांनी दोनी पाट्या उचलल्या,” ती म्हणाली. “आज पयल्यांदा खरंच खपल्या.”