थोरल्याचं वय

“बाईंचं वय किती?” डॉक्टर उमादेवींनी विचारलं, आणि देवणी गाईचे दात बघून बिनचूक वय सांगणारा शेषेराव बायकोच्या वयापाशी अडला.

“असंल की तिशीच्या आतबाहीर,” तो म्हणाला.

“आत की बाहेर? सगळं त्यावरच आहे.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनात बांधलेली नस पुन्हा जोडता येते. पण पुढं दिवस जातील की नाही, ते वयावर. नीट आठवून सांगा.”

केवळाबाई पदर तोंडाशी धरून खुर्चीच्या कडेला टेकली होती. तिला तरी काय ठाऊक असणार? जन्मतारीख लिहून ठेवायची चैन तिच्या माहेरात कुणी केली होती! खालच्या मजल्यावरचा क्लास नुकताच सुटला होता आणि पोरांचा गलका जिन्यावरून वर येत होता. लातुरात आता दवाखान्याच्या खाली क्लास, समोर क्लास, गल्लीच्या तोंडाशी क्लास.

खेड्यातल्या बायांचं वय काढायची डॉक्टरांची एक ठरलेली रीत होती. तीच त्यांनी काढली.

“लग्नात किती वर्षांच्या होतात?”

“सोळा,” केवळाबाई हळूच म्हणाली.

“पहिलं लेकरू कधी झालं?”

“दोन वर्सांनी.”

“मग ते लेकरू आता...” आणि डॉक्टर थांबल्या. दोन्ही लेकरं पाच वर्षांपूर्वीच्या भूकंपात गेली, हे त्यांना आल्या आल्याच सांगितलेलं होतं. पण सवयीनं सुटलेला शब्द थोडाच परत येतो!

शेषेराव मात्र बोलला. पाच वर्षांत पोराचं नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं, ते आज काढलं. “दयानंद. धा वर्साचा.”

“म्हणजे तुम्ही अठ्ठावीस,” डॉक्टर घाईनं म्हणाल्या. “बरं आहे की मग. या वयात नस जोडली, तर दहाजणींतल्या सहांना तरी दिवस जातात.”

सहा! शेषेरावाला वाटलं, झालंच काम. सरकारनं दिलेल्या नव्या घरात दोघंच समोरासमोर बसून भाकरी खायची, ना कुणाचं भांडण ना कुणाचं रडणं, याला तो पार वैतागला होता. इथं यायला बायकोला तयार करता करता त्याच्या नाकीनऊ आले होते. तो खुर्चीत नीट सरसावून बसला.

“धा न्हाई,” केवळाबाई म्हणाली.

“गप की,” तो पुटपुटला.

“धाचा कसा? पंधराचा. पोळ्याचा जन्म हाय त्याचा. औंदाच्या पोळ्याला पंधरा भरले.”

डॉक्टरांनी पुन्हा बेरीज केली. तेहतीस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तेहतीस म्हटलं की मग दहांतल्या तिघीचौघीच, बाई. खोटी आशा कशाला लावू?”

शेषेरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “झालं समाधान? चांगलं सहा म्हणल्या व्हत्या! तुला लेकरू नकोच हाय, दुसरं काय! अगं, मेलेलं पोरगं वाढतंय व्हय?”

बोलून बसला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

“पायजे मला,” केवळाबाई म्हणाली. डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. “लई पायजे. तीन तर तीन, बाई, नस जोडा. पण तेवढ्यापायी माझ्या दयाला धा वर्सांवर अडकवून ठिऊ नका. दर पोळ्याला एकेक वर्स वाढवलंय म्या त्याला. यंदा दहावीला असता. हितंच असता खाली, ह्या पोरांत.”

खाली सायकली निघाल्या. गलका हळूहळू लांब गेला. डॉक्टरांनी अठ्ठावीस खोडलं आणि तेहतीस लिहिलं.

शेषेराव मांडीवरच्या आपल्या हातांकडं बघत राहिला. याच हातांनी त्यानं त्या पहाटे दगडमाती उपसली होती. त्याच्या लेखी पोरगा-पोरगी दोघंही तेव्हापासून तेवढीच होती, एका वाकळेत झोपलेली. मग, पोरं घरी ठेवून परगावी आलेल्या माणसानं विचारावं, तसं त्यानं विचारलं,

“आन् सिंधू?”

“बारावं सरलं की तिचं.” केवळाबाईनं पदर सोडला आणि हात आपल्या खांद्याशी नेला. “हितवर येती आता.”