अडकलेलं ‘झालं’

भाचीच्या प्रदर्शनाला वामनराव निघाले ते झाशीच्या सीपरी बाजारातलं आपलं फोटोचं दुकान बंद करून, कोट चढवून आणि पोटात मत्सराचा निखारा घेऊन. तो असा धगधगत होता की सदर बाजार येईस्तोवर ऑटोवाला दोनदा म्हणाला, "बाबूजी, गाड़ी बहुत गरम हो रही है."

भाची, म्हणजे प्रमोदिनी, कॅमेरा धरायला शिकली ती ह्यांच्याच दुकानात. आता दिल्लीची मंडळी तिच्याभोवती माना डोलवत होती.

"आइए मामा!"

"फोटो कुठायत?"

"फोटो, पडदा, आवाज, सगळं मिळून एकच काम आहे."

"म्हणजे फोटो नाहीत."

तेवढ्यात स्पीकर बोलला, "ठोड़ी नीचे. इधर देखिए. साँस रोकिए..."

वामनरावांचाच आवाज! पोरीनं दुकानात कधीतरी टिपून घेतलेला. आवाज ह्यांचा, हारतुरे तिला.

सभागृह ताठ झालं. झाशीत वामनरावांपुढे फोटोला न बसलेला माणूस नव्हता. ते गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलत, पण बटण दाबलं की "झालं!" म्हणत, मगच लोक श्वास सोडत. अख्ख्या शहराला मराठी येत होती ती एवढीच.

स्पीकर खरखरला आणि बंद पडला. ‘झालं’ आतच राहिलं.

लोक तसेच उभे. हनुवट्या खाली, गाल फुगलेले. सिविल लाइन्सचे वकीलसाहेब जांभळे होत चालले. हेच प्रदर्शन असं समजून दिल्लीवाल्यांनीही श्वास रोखला.

"झाला! झाला!" प्रमोदिनी ओरडली. मराठीची सवय सुटलेली. कुणी हललं नाही. "अरे भैया, हो गया!" तरी नाही.

"मामा, तुम्ही बोला ना!"

"मी कशाला? कलाकार तू."

"मामाजी, लोग मर जाएँगे!"

"काम कुणाचं, ते सांग आधी."

प्रमोदिनीनं ओठ चावला. "तुमचं."

"मोठ्यानं."

"तुमचं!"

वामनरावांनी सभागृहावरून नजर फिरवली. इतकी निश्चल गिऱ्हाइकं त्यांना उभ्या जन्मात लाभली नव्हती. एक पापणी लवत नव्हती.

"कॅमेरा दे तुझा," ते म्हणाले. "आणि जा, तूही उभी राहा."

ती वकीलसाहेबांशेजारी जाऊन उभी राहिली. हनुवटी खाली, श्वास रोखलेला.

वामनराव फोकस जुळवू लागले. त्यांना कसलीच घाई नव्हती.