दांड्याबाहेर

तिसरी घागर पाठीवर रिती झाली, तरी मेंढा शहारला नाही.

पाणी त्याच्या पांढऱ्या लोकरीवरून ओघळून गवतात गेलं. मेंढा कानसुद्धा न हलवता उभा. मेंढा शहारला की कुगु युमोने, थोरल्या देवाने, तो मानून घेतला. तीन घागरींनी शहारला नाही, तर ज्याच्या नावाने आणलाय त्याने काहीतरी लपवलंय. व्होल्गाकाठच्या मारी गावांत या रीतीला अपवाद नाही. पांढऱ्या कपड्यांत शंभर-सव्वाशे माणसं झाडापुढे गुडघे टेकून बसली होती, आणि कुणी खोकतही नव्हतं. पुजारी झाल्यावरचा एश्पायचा हा पहिलाच सुरेमचा सण. पहिल्याच सणाला देवाने त्याला तोंडघशी पाडलं होतं.

मेंढा त्याच्या आईच्या नावाचा होता.

ती, उनावी, देवराईच्या सीमेवरच्या आडव्या दांड्यापलीकडे एका ओंडक्यावर बसली होती. पंचेचाळीस वर्षं ती तिथेच बसत आली होती, आणि का ते गावाला तोंडपाठ होतं. सरकारी साहेबाच्या हुकमावरून तिच्या नवऱ्याने, इझेर्गेने, इथला तीनशे वर्षांचा देवाचा लिंडन वृक्ष एकट्याने कापला. ज्या हाताने कापला तो हात आठवड्यात वाळला आणि बर्फ पडायच्या आत देवाने त्याला उचललं. पोरांना ही गोष्ट लहानपणीच सांगतात, म्हणून पोरं इथली डहाळीसुद्धा मोडत नाहीत. एश्पायही तीच ऐकत वाढला. बाप त्याला भेटला तो एवढ्या गोष्टीपुरताच.

पुढे त्या बुंध्यातून कोंब फुटले. त्यातलाच एक आज देवाचं झाड म्हणून उभा होता. असल्या बापाच्या पोराला गावाने पुजाऱ्याची टोपी दिली, हे गावाचं मोठेपण एश्पाय कधी विसरला नाही. पण आई बाहेरच राहिली. आता तिचं हृदय थकलं होतं, पुढचा सुरेम ती बघेल याची खात्री डॉक्टर देत नव्हते. म्हणून यंदा तिच्या नावाचा मेंढा द्यायचा आणि हात धरून तिला आत आणायचं, असं त्याने ठरवून टाकलं. ती नको नको म्हणत होती. त्याने ऐकलं नाही.

आता तो दांड्यापाशी जाऊन उभा राहिला.

"आई, देव घेत नाहीये. काय लपवलंयस?"

उनावीला नवल वाटलेलं दिसलं नाही. "आपल्या माळ्यावरची मोठी करवत पाहिलीयस ना? मुठी किती तिला?"

"दोन."

"एवढं झाड एकट्याने पडतं होय रे? ह्यांच्यासोबत यायला गावातला एकही बाप्या तयार होईना. झाड उभं राहिलं असतं तर सकाळी साहेबाने ह्यांना गाडीत घालून तुरुंगात नेलं असतं. मग दुसरी मूठ मी धरली. तू पोटात होतास. ह्यांनी मरेपर्यंत एकट्याचंच नाव सांगितलं. देवाने एकालाच नेलं. मी आपली माझी पाळी कधी येते याची वाट बघतेय."

जिच्या धाकाने गावातली पोरं शहाणी होत आली, ती गोष्ट अर्धीच होती, आणि उरलेली अर्धी एश्पायच्या घरात त्याला जेवू घालत होती. हे सांगितलं तर त्याची टोपी जाणार, आईला तर ओंडक्याजवळही कुणी उभं करणार नाही. नाही सांगितलं तर तिच्या नावाचा मेंढा तसाच परत. आणि देवाच्या झाडाखाली पुजाऱ्याला खोटं बोलता येत नाही.

तो परत झाडापाशी आला. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की त्या करवतीची दुसरी मूठ माझ्या आईच्या हातात होती.

मग तो ओरडा व्हायची वाट बघत राहिला. कुणाचा चेहरासुद्धा बदलला नाही. कढईतली लापशी ढवळणाऱ्या सायवीने फक्त मागच्या बसायच्या फळीवरची रिकामी जागा रुमालाने पुसली. बायकांच्या रांगेत ती जागा दरवर्षी मोकळी असायची. पाहुण्यांसाठी ठेवत असतील, असं त्याला आजवर वाटायचं.

"टोपी घाल," म्हातारा तोक्तार म्हणाला. एश्पायच्या आधीचा पुजारी तो, आणि इझेर्गेचा मित्र. "निम्म्या गावाचा जन्म जंगल तोडण्यात गेलाय, बाळा. त्या करवतीला दोन माणसं लागतात, हे इथे कुणाला ठाऊक नाही? तिचं नाव घेणार नाही, असा शब्द तुझ्या बापाने मरताना आमच्याकडून घेतला. ती आपण होऊन सांगेल म्हणून आम्ही थांबलो होतो."

राईत वारा नव्हता, बोललेलं पार सीमेपर्यंत ऐकू जात होतं. उनावी दांड्याला धरून उभी राहिली.

"तोक्तार, सगळ्यांना ठाऊक होतं?"

"होतं गं."

"मग मला बाहेर का बसू दिलंत?"

सायवीचा डाव कढईत थांबला.

एश्पायच्या पायाशी ठेवलेली घागर कोरडी होती. पाण्याचा थेंब न पडताच मेंढा शिंगांपासून खुरांपर्यंत शहारला.