गच्चीची किल्ली

"आये, चौथा मजला आला. आता तोंडाला कुलूप," जयसिंग दबक्या आवाजात म्हणाला. यल्लव्वानं पदर सावरून मान हलवली. रिक्षात बसल्यापासून तिनं ही शपथ सात वेळा घेतली होती.

शपथेला कारण होतं. राहत्या खोलीच्या मालकिणीनं पहिल्याच दिवशी हसून विचारलं होतं, "कुठल्या म्हणायच्या तुम्ही?" आणि यल्लव्वानं दोन्ही हात जोडून खणखणीत आवाजात "जयभीम" घातला होता. तिचाही इलाज नव्हता. छप्पन साली दीक्षा घेतली, वाकून जोहार घालायचं सोडलं, तेव्हापासून तिच्या तोंडात दुसरा नमस्कारच नव्हता. मालकिणीचं हसू तिथंच वाळलं. पुढं यल्लव्वा मिरच्या वाळवायला गच्चीवर गेली की बाकीच्या बायका आपापले पापड गोळा करून खाली उतरायच्या. आता महिनाअखेर खोली रिकामी करायची होती. मालकाचा भाचा राहायला येणार होता म्हणे. असे भाचे जयसिंगनं याआधी दोन घरांत पाहिले होते. एकही कधी आला नव्हता.

म्हणून या खेपेला त्यानं पेपरातली जाहिरात वाचून थेट फोन केला, नाव सांगितलं 'जयसिंग, टेलिफोन खात्यात', आणि कांबळे गिळून टाकलं. जाहिरात त्यानं आईलाही वाचून दाखवली होती. 'चौथा मजला, वर स्वतंत्र गच्ची, विकणे आहे.' तिनं एवढंच विचारलं, "सोतंत्र म्हंजे तितं दुसऱ्या कुणाच्या मिरच्या न्हाईत न्हवं?"

दार घरमालक गणपतरावांनी स्वतः उघडलं. एस.टी.तून निवृत्त झालेला, कपाळ मोठं, बोलणं मोजकं असा माणूस. "या, पावणं," म्हणाले, आणि मागं वळून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. "मंडळींना बरं न्हाय. पडल्यात."

"आमच्या आईलाबी ऐकू जरा कमी येतं," जयसिंगनं ठोकून दिलं. यल्लव्वानं त्याच्याकडं असं बघितलं की एरवी पाठीत धपाटाच बसला असता.

घर लख्ख होतं. फक्त समोरच्या भिंतीवर दोन फिक्या चौकटी उमटल्या होत्या, वर दोन खिळे. जयसिंगची नजर तिथं गेलेली बघून गणपतराव घाईनं म्हणाले, "रंग द्यायचा हाय. देवाबिवाचे फोटो काढून ठेवल्यात." जयसिंगनं मान डोलावली. नावात गणपती, भिंतीवर देव. इथंही भाचा निघणार.

चहा गणपतरावांनीच आणला. जयसिंगनं आधी कप बघितले. तिन्ही एकाच जोडातले होते. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यानं तर कपही तपासून घेतला.

"गाव कुठलं म्हणायचं?"

आला. प्रश्न आलाच. "गडहिंग्लजकडं," जयसिंग म्हणाला.

"गडहिंग्लजात कुठं?"

पुढचा प्रश्न गल्लीचा, त्याच्या पुढचा आडनावाचा. ही वाट जयसिंगला पाठ होती. पण गणपतराव आपणच थांबले, कपातल्या सायीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "असू दे. चला, गच्ची बघून घ्या."

गच्ची बघून यल्लव्वा उंबऱ्यातच थबकली. डोक्यावर एप्रिलचं निळंभोर आभाळ, लांब जोतिबाचा डोंगर, आणि चारी बाजूंनी कमरेएवढा कठडा. फरशी तापून तव्यासारखी झाली होती. ती अनवाणीच मधोमध गेली, वाकली, तळहात टेकवून ऊन बघितलं. दोन दिवसांत संकेश्वरी मिरची कडकडीत वाळेल, हे तिनं तोंडानं सांगितलं नाही, पण तिचा चेहरा सांगत होता. जयसिंगला भरून आलं. ज्या बाईनं ताठ उभं राहायला शिकवलं, तिलाच आपण मुकं करून आणलंय, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"गुडघं थकलं माझं, न्हायतर ही गच्ची सोडली नसती," गणपतराव म्हणाले. "सांगा. घेताय?"

"घेतो की. ऑफिसचं कर्ज मंजूर हाय."

"मग ठरलं. माझा शब्द."

खाली दाराशी चपला घालताना जयसिंगचा श्वास पहिल्यांदा मोकळा झाला. गणपतरावांनी खिळ्यावरची पितळी किल्ली काढली आणि यल्लव्वापुढं धरली. "धरा, आईसाब. गच्चीची. कागद व्हायचं तवा हुतील. उद्यापास्नं वाळवण घाला खुशाल."

आजवर कुणी तिला कुठल्याच दाराची किल्ली आपण होऊन दिली नव्हती. यल्लव्वाच्या डोळ्यांना धार लागली. किल्ली तळहातांच्या मधे तशीच ठेवून तिनं दोन्ही हात जोडले, आणि सात शपथा एका दमात मोडल्या.

"जयभीम, बाबा!"

जिन्यात आवाज घुमला. जयसिंगनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गणपतराव जागच्या जागी थिजले होते. त्यांचा हात अजून तसाच पुढं होता. जयसिंगनं मुकाट्यानं आईच्या हातातली किल्ली काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार आतून धाडकन उघडलं.

"जयभीम, जयभीम!" आतून मंडळींचा ठणठणीत आवाज आला. "अवो, आपली माणसं आल्यात आणि मला कोंडून काय ठेवलंय?"